किल्ला आणि पाणी एकाच फायलीत आणा: खानदेशातल्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांचे सदस्य आणि पाटबंधारे, पुरातत्त्व, वन, पर्यटन व बांधकाम खात्यांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

धरण किंवा तलावाच्या काठावरच्या पर्यटनासाठी निधी आला की कामांची यादी आधीच ठरलेली असते. कमान, पेव्हर ब्लॉक, बाग, बोटिंगचा धक्का, सेल्फी पॉइंट, हायमास्ट दिवे. त्याच काठावर सहाशे वर्षांपूर्वीचे घुमट असतात, कुठे साडेतीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचं पांढरीचं, म्हणजे राखट-पांढऱ्या मातीचं, टेकाड असतं. त्यांचं नाव यादीत नसतं. असलं तर ‘डागडुजी व सुशोभीकरण’ या शीर्षाखाली असतं, आणि मग त्या दगडांवर सिमेंट चढतं. हे आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र आपल्याला, पण सगळ्यांसमोर.

आम्ही या किल्ल्यांवर माणसं नेणारे, टाक्यांतला गाळ काढणारे, शिलालेख वाचणारे आणि याच गावांत राहणारे लोक आहोत. वाट पाहणाऱ्या रिक्षावाल्याचं, पायथ्याच्या टपरीचं आणि संगमावरच्या नावाड्याचं पोट या जागांवर आहे. जागा ढासळली की त्यांचं कामही जाईल.

खानदेशातल्या जुन्या जागा पाण्याला धरून वसल्या आहेत, ही गोष्ट कुठल्याही आराखड्यात पहिल्या पानावर हवी. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेर आणि करवंद दिलं, तिथून फारुकींचं राज्य सुरू झालं. थाळनेर तापीच्या उत्तर काठावर आहे. करवंदला आज लोक धरणामुळे ओळखतात. चांगदेवचं मंदिर तापी-पूर्णेच्या संगमावर आणि आता हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. अमळनेर आणि बहादरपूरचे कोट बोरीकाठचे. प्रकाशा तापी-गोमाईच्या संगमावर, बहाळ गिरणेकाठी. दोन्हीकडे १९५०च्या दशकात उत्खननं झाली आणि ताम्रपाषाणकाळापासूनचे थर मिळाले. तापीकाठच्या सावळद्याच्या नावावरून तर त्या काळातली एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. याच तापीवर हतनूरच्या खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा असे बॅरेज झाले. नदीची पातळी ज्यांच्या हातात, त्यांच्याच हातात या जागांच्या पायाखालची माती आहे. तरीही दरवाजांचा हिशेब एका खात्यात, घुमटांचा दुसऱ्या आणि काठावरच्या बागेचा तिसऱ्या. ही तीन टेबलं एकत्र बसत नाहीत, हीच आमची मूळ तक्रार आहे. पुढच्या सगळ्या तक्रारी तिच्यातून निघतात.

पहिली तक्रार काठाची. तापीचा काठ खडकाचा नाही, बहुतेक ठिकाणी तो गाळमातीचा खोल थर आहे, आणि म्हणूनच नदीलगत घळींचं जाळं पडलेलं दिसतं. पुराचं पाणी चार दिवस उंच राहिलं की ते या मातीत खोलवर मुरतं. मग पूर ओसरतो आणि नदीची पातळी झपाट्याने उतरते, पण काठात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. आतल्या पाण्याचा दाब नदीच्या बाजूला मातीला ढकलतो, समोरून आधार देणारं पाणी निघून गेलेलं असतं, आणि काठाचा तुकडा सरळ कापल्यासारखा खाली बसतो. काठ पूर चढताना कमी आणि उतरताना जास्त कोसळतो. थाळनेरच्या किल्ल्याचा नदीकडचा भाग अशाच काठावर उभा आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने हा किल्ला घेतला, शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. त्या लढाईतून जे उरलं ते आता दर पावसाळ्यात थोडं थोडं तापीत जातं आहे.

पूर आला असताना दरवाजे उघडू नका, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. हतनूरचे ४१ दरवाजे खालच्या गावांच्या जिवासाठी उघडावे लागतात. पण धोका टळल्यावर विसर्ग कमी करताना तो एकदम न पाडता टप्प्याटप्प्याने उतरवता येतो का, हे तपासायला काय हरकत आहे? आणि काठाच्या पायथ्याशी जाळीतल्या दगडांचं संरक्षण बांधताना त्याच्या मागे वाळू-खडीचा गाळणथर हवाच. तो थर नसेल तर पाणी माती घेऊन दगडांच्या फटींतून निघून जातं आणि दगडांचं हे अस्तर (पिचिंग) मागून पोकळ होतं. काँक्रीटची सलग भिंत तर आणखी वाईट. तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत तर सगळा दाब तिच्या पाठीवर साठतो.

दुसरी तक्रार सिमेंटची. तिच्यावर आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या हेतूने सर्वांत जास्त नुकसान होतं.

जुनी तटभिंत म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये दगडगोट्यांचा व चुन्याचा भराव. पावसाचं पाणी माथ्यावरून आत जातंच. दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांना दरजा म्हणतात; त्या सच्छिद्र असल्याने ते पाणी दरजांतून हळूहळू बाहेर येऊन वाळतं. दरजांत सिमेंट भरलं की बाहेरची वाट बंद होते आणि आत जायची वाट माथ्यावर उघडीच राहते. पाणी भरावात साठतं, चुना विरघळतो, बारीक माल खाली बसतो आणि काही पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं. मग एका रात्री दहा-पंधरा फुटांचा पट्टा खाली येतो, आणि पंचनाम्यात अतिवृष्टी हे कारण लिहिलं जातं. जिथे दगड मऊ आहे तिथे सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात, पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कोरीव काम असलेल्या जागी हे नुकसान कधीच भरून येत नाही.

चुन्याचं काम अवघड नाही, फक्त त्याला वेळ लागतो. चुन्याची कळी पाण्यात विरवून किमान तीन आठवडे, जमल्यास महिनाभर, पाण्याखाली ठेवावी लागते. नीट न विरलेला खडा दरजेत गेला तर तो नंतर फुगतो आणि काम फुटतं. मग एक भाग चुना आणि तीन भाग वाळू व सुरखी (विटांची भुकटी) मिळून, असं चुन्याच्या घाण्यात मळायचं. गूळ, बेलफळाचं पाणी, हिरड्याचं पाणी हे जुन्या गवंड्यांचे घटक आहेत, पण त्यांचं प्रमाण त्या जागेच्या जुन्या चुन्याचा नमुना तपासून ठरवावं. दरज भरण्याआधी ती एक इंचभर खोल हाताने खरवडायची, धुवायची आणि ओली करायची. ग्राइंडर लावायचा नाही, त्याने दगडाच्या कडा जातात. भरल्यावर ओलं गोणपाट टांगून दोन आठवडे ओलावा टिकवायचा. आणि दरजांना हात लावण्याआधी तटाचा माथा उताराच्या चुनाकाँक्रीटने झाकायचा. माथा उघडा ठेवून खालच्या दरजा भरणं म्हणजे काम उलट्या टोकाने सुरू करणं.

आता आपली प्रशासकीय दिनदर्शिका पाहा. मंजुरी आणि निविदा रेंगाळत माघ-फाल्गुनात जातात. निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे, नाहीतर परत जातो. ठेकेदाराला काम करायला मिळतात मार्च, एप्रिल, मे. खानदेशात तेव्हा पारा ४२-४४ वर असतो. चुना आत घट्ट होण्याआधीच वरून वाळतो आणि हात लावला की पिठासारखा गळतो. किल्ल्यावरच्या टाक्यांत तेव्हा कामापुरतं पाणी उरलेलं नसतं, टँकर माथ्यावर जात नाही. मग सिमेंट हाच एक पर्याय उरतो आणि कागदावर मात्र चुनाच राहतो. दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. चुन्याचं काम ऑक्टोबर ते जानेवारीतच होतं, आणि आपली फाईल त्या महिन्यांत सही होण्याची वाट पाहत असते.

झाडांचंही असंच. पिंपळ किंवा उंबर तटातून उगवला की दोर लावून ओढला जातो किंवा वरवर छाटला जातो. ओढला तर मुळांबरोबर दगड निघतात, छाटला तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटतो. खोड वीतभर ठेवून कापायचं, त्यात भोकं पाडून मूळ मारणारं औषध भरायचं आणि मूळ पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. त्यानंतर दगडांवर खुणेचे आकडे घालून ते उतरवायचे, मूळ काढायचं, आणि त्याच क्रमाने चुन्यात परत बसवायचे. एवढं कलम निविदेत लिहिलं तरी निम्मे तट वाचतील.

लळिंग, सोनगीर, भामेर, कण्हेरगड या डोंगरी जागांवर पाण्याची खोदीव टाकी आहेत. टाकं साफ करण्याची मोहीम निघते, फोटो होतात, आणि दोन वर्षांत टाकं पुन्हा गाळाने भरतं. कारण टाक्यात पाणी ज्या खडकातल्या पन्हळीतून येतं, ती पन्हळ आणि तिच्या वरचा उतार कोणी साफ केलेला नसतो. आधी पन्हळ, मग टाकं. गाळ हातानेच काढावा आणि चाळून पाहावा. त्यात खापरं, नाणी, कोरीव तुकडे निघतात. ते ज्याच्या हाताला लागतील त्याच्या घरी न जाता नोंद होऊन जिल्ह्याच्या संग्रहात गेले पाहिजेत.

भुईकोटांचा खंदक हाही पाणी हाताळण्याचाच भाग होता. पारोळ्याचा कोट १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला असं मानतात. अशा कोटाचा खंदक राडारोड्याने बुजला की पावसाचं पाणी थेट तटाच्या पायाशी थांबतं, आणि सांडपाणी सोडलं तर क्षारही पायात चढतात. खंदकाची हद्द मोजून खांब रोवा, मगच आत दिवे लावा.

आता अशी गोष्ट जी पाहुण्याला दिसतच नाही: पांढरी. गढीची किंवा जुन्या टेकाडाची पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला पूर्वीपासून खणली जाते. ती फावड्याची गोष्ट होती. आता जेसीबी आहे, आणि एका दिवसात तीन हजार वर्षांचे थर ट्रॉलीत भरले जातात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेला आमचा विरोध नाही. शेतकऱ्याला गाळ मिळालाच पाहिजे. पण गाळ घ्यायचा तो धरणाच्या पोटातला. काठावर राखट-पांढरी माती, खापराचे तुकडे, हाडं, जळक्या चुली दिसल्या की तिथे बकेट थांबली पाहिजे, आणि ही ओळख प्रत्येक चालकाला कामाआधी पंधरा मिनिटं उभं राहून कोणीतरी दाखवली पाहिजे. धरणाची पातळी उन्हाळ्यात उतरते तेव्हा काठावरचे असे थर उघडे पडतात. नोंद घ्यायची वेळही तीच आणि चोरीची वेळही तीच.

येणाऱ्या माणसाचं काय, याबद्दल. लळिंग मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहे, तरी एसटीच्या जलद गाड्या तिथे थांबत नाहीत आणि परतीची शेवटची साधी गाडी किती वाजता हे कुठे लिहिलेलं नाही. एवढ्या जवळच्या किल्ल्याची ही गत, तर भामेर-बलसाण्याला स्वतःच्या गाडीशिवाय कोण जाणार? आम्हाला मोठी केंद्रं नकोत. प्रत्येक जागी एक फलक हवा आणि त्यावर एवढंच हवं: ही जागा केंद्राच्या संरक्षणात आहे की राज्याच्या की कुणाच्याच नाही, चढायला लागणारा वेळ, वर पिण्याचं पाणी आहे की नाही, शेवटची गाडी, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं आरोग्य केंद्र. खडकाळ उतारांवर फुरसं हा विषारी साप असतो, त्यामुळे शेवटची ओळ गाळू नये. मार्चच्या मध्यापासून पुढे माणशी तीन लिटर पाणी आणि सकाळी नऊच्या आत उतरायला सुरुवात, हेही लिहावं. कड्यांखाली आग्या मोहोळं असतात. धूर, फटाके, अत्तर आणि दगड मारणं यांनी ती उठतात हे ठळक अक्षरांत हवं. आणि पायथ्याला बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह. ते नसल्यामुळे शाळांच्या सहली मुलींना घेऊन किल्ल्यावर जात नाहीत.

फलकावरचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसावं. चाळीसगाव तालुक्यात वाघळीला शके ९९१, म्हणजे इ.स. १०६९ चा शिलालेख आहे. पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा लेख आहे. अशा जागी अजूनही लोक अक्षरं उठावीत म्हणून खडू घासतात, पीठ भरतात, तेल लावतात. तेलाने धूळ धरते आणि अक्षर बुजतं. संध्याकाळी बाजूने तिरपा बॅटरीचा झोत टाकला की लेख न शिवता वाचता येतो, हे फलकावर दोन ओळींत सांगा.

गर्दीच्या दिवसांचं नियोजन वेगळं हवं. महाशिवरात्रीला चांगदेवला यात्रा भरते, तोरणमाळला गोरक्षनाथांची. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथे १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते, भर पावसात लोक येतात. या दिवसांसाठी जादा गाड्या, फिरती स्वच्छतागृहं आणि पाण्याचे टँकर दरवर्षी नव्याने मागावे लागू नयेत. दगडी मंदिरांत विजेच्या तारांसाठी खिळा ठोकू नये, स्वतंत्र खांब उभे करावेत. कोरीव खांबांना ऑइल पेंट लावू नये, आणि तो काढायला वाळूचा किंवा जोराच्या पाण्याचा मारा तर मुळीच नको. संगमावर नाव चालत असेल तर बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि नावेवर माणसांची कमाल संख्या रंगवलेली असावी. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी तटाचे जुने अवशेष आधी नकाशावर आणा, नवी बांधकामं नंतर ठरवा. लळिंगच्या कुरणात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, फेब्रुवारीआधी काढा. वणव्यात गवत जातंच, पण तापलेला दगडही तडकतो.

आमच्या मागण्या अशा:

तिन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी एक संयुक्त समिती नेमा, तिच्यात पाटबंधारे आणि पुरातत्त्व दोघांची सही लागल्याशिवाय काठावरचं एकही काम मंजूर होऊ नये.

नदी आणि धरणकाठच्या किल्ले, घुमट, गढ्या, टेकाडं यांची हद्द मोजून ती सातबारावर आणि जलाशयाच्या नकाशावर दाखवा. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र कायद्याने आहेच. ज्या जागांना हे संरक्षण नाही, त्यांच्यासाठी राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली प्रस्ताव पाठवा.

थाळनेरचा नदीकाठ पहिल्या क्रमांकावर घ्या. पुराआधी आणि पुरानंतर ठरावीक खुणांपासून काठाचं अंतर मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

जुन्या बांधकामावर सिमेंट वापरणार नाही, असं कलम प्रत्येक निविदेत घाला, आणि बिल देण्याआधी दरजेचा नमुना तपासा. चुन्याचा निधी मार्चअखेर परत जाणार नाही अशी सोय करा.

टाकी, पन्हळी आणि वाटा यांच्या देखभालीसाठी गावातल्याच माणसांना वर्षभराची मजुरी द्या. त्यांना टाकं कुठून भरतं ते ठाऊक असतं.

बोटिंगच्या धक्क्यासाठी आणि कमानीसाठी ठेवलेला निधी वरची कामं होईपर्यंत थांबवा.

दसऱ्यानंतर परांची चढवायची असेल तर भाद्रपदात चुना पाण्यात पडलेला हवा. त्यासाठी आषाढात निविदा निघाली पाहिजे, आणि त्याआधी, वैशाखात, कोणत्या किल्ल्यावर काय करायचं हे ठरलेलं हवं. आपलं उत्तर आम्हाला लेखी हवं आहे, कामांच्या आणि महिन्यांच्या यादीसह. जागा दाखवायला, मोजायला आणि चुना मळायला आम्ही येऊ.

आपले,
खानदेशातल्या किल्ले-गढ्यांचे वाटाडे आणि अभ्यासक